पोटखराब्यांतलें पाणी

महाराष्ट्रांत मलकापूर नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर नागपुराकडे रेल्वेनें जाणारांस ठाऊक असतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील मलकापूर शाहूवाडी तालुक्यांत आहे. प्रस्तुत भाषणाचा विषय असलेलें मलकापूर सातारा जिल्ह्यांत, कऱ्हाडच्या दक्षिणेस, कोयनेच्या पलीकडच्या तीरावर आहे. पुण्याहून कोल्हापुरास जातांना महामार्गावरील कोयनेचा पूल ओलांडला कीं तें लागतेंच. एका अंगास बौद्ध लेण्यांचा आगाशिवाचा डोंगर, दुसऱ्या अंगास कोयना, आणि जवळच कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात तो प्रीतिसंगम. कऱ्हाडला वाढण्यास दोन नद्यांच्या बेचक्यांत जागा थोडी. त्यामुळें वस्तीचा ओघ पुलापलीकडे वळला, आणि पूर्वीं ग्रामपंचायतीचें असलेलें हें गांव नगरपंचायत व पुढें नगरपरिषद झालें.

डोंगरावर पडलेला पाऊस नदीकडे धांव घेतो. वाटेंत एखादा सखल तुकडा लागला म्हणजे पाणी तेथें थबकतें, पसरतें, कांहीं मुरतें, आणि उरलेलें सावकाश पुढें जातें. अशा तुकड्यांसाठीं शेतकऱ्याजवळ शब्द पुष्कळ आहेत. ओढ्यालगतची खोलगट जागा ती लवण. पाय रुततो ती दलदल. पाणी निघून न गेल्यानें जेथें पीक पिवळें पडतें ती चिबड जमीन. सरकारी लिखाणांत या साऱ्यांसाठीं अलीकडे ‘पाणथळ’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि तो चांगला शब्द आहे. परंतु सातबाऱ्याच्या उताऱ्यावर यांपैकीं एकही शब्द बहुधा दिसत नाहीं. तेथें एवढीच नोंद असते: पोटखराबा.

या शब्दाची कुळकथा पाहण्याजोगी आहे. इंग्रजी अमदानींत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाख्यांतील जमीन-मोजणीची व आकारणीची पद्धति बसविली. शेत मोजावें, मातीची प्रत ठरवावी, त्याप्रमाणें सारा बसवावा, असा तो क्रम होता. ज्या तुकड्यांतून पीक येणें नाहीं त्यावर सारा घेणें अन्यायाचें झालें असतें. म्हणून तो तुकडा आकारणींतून वगळून ‘खराबा’ म्हणून लिहिला जाई. रयतेच्या दृष्टीनें हें ठीकच होतें. या खराब्याचे दोन वर्ग आजहि चालत आले आहेत. ‘अ’ वर्ग म्हणजे लागवडीस अयोग्य अशी खातेदाराच्या शेतांतीलच जागा; ‘ब’ वर्ग म्हणजे रस्ता, पायवाट, स्मशानभूमि, किंवा इतरांच्या वापरांत असलेलें तळें अथवा ओढा, अशा सार्वजनिक कारणासाठीं सोडलेली जागा. दहा माणसें ज्याचें पाणी भरतात असा ओढा ‘ब’ वर्गांत जाऊन सुरक्षित होतो. ज्या लवणांत केवळ लव्हाळा वाढतो आणि बगळे उतरतात, ती मात्र ‘अ’ वर्गांत पडते. म्हणजे धन्याची खाजगी, आणि निरुपयोगी. सारा वसूल करणारानें योजिलेला हा शब्द पुढें जमिनीचा गुणधर्मच होऊन बसला, आणि जी वस्तु कागदावर खराब ती सुधारण्यास कोण हरकत घेणार?

नगररचनेच्या कायद्यानेंहि हीच समजूत पक्की केली. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या बाविसाव्या कलमांत विकास-योजनेंत कोणकोणत्या गोष्टींचा समावेश करावा याची यादी आहे. तींत निसर्गसौंदर्याच्या स्थळांचें जतन आहे, पूरनियंत्रण आहे, आणि त्याच यादींत सखल, दलदलीच्या व रोगट जागा भरून काढणें हेंहि आहे. यांत कायदा करणारांस दोष देण्याचें कारण नाहीं. दलदल म्हणजे डांस व डांस म्हणजे हिंवताप, हें समीकरण त्या पिढीनें घरोघरीं कुनैन घेऊन शिकलेलें होतें. तथापि जिवंत पाणथळींत डांसांच्या अळ्या खाणारे मासे, बेडूक व चतुर असतात. तुंबलेल्या गटारांत व घराच्या गच्चीवरील उघड्या पिंपांत ते नसतात, ही गोष्ट नागरी वस्तींत राहणारानें ध्यानांत घ्यावी.

पाणथळीचा उपयोग काय, हें सांगण्यासाठीं एक साधें गणित पुरें. एक एकर जागेवर एक फूट पाणी उभें राहिलें तर तें बारा लक्ष तेहतीस हजार लिटर होतें. दहा हजार लिटरच्या टँकरनें तें वाहून न्यावयाचें म्हटल्यास सव्वाशेंच्या आसपास खेपा होतील. ही जागा भरून टाकली म्हणून आकाशांतून तेवढें पाणी कमी पडत नाहीं. तें शेजारच्या गल्लींत, तळमजल्यावरील दुकानांत, किंवा महामार्गाच्या भरावाखालील मोरीच्या तोंडाशीं जाऊन उभें राहतें. मात्र येथें अतिशयोक्ति नको. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. असला महापूर ओढ्याकांठच्या चार-दोन लवणांनीं थोपला असता, असें कोणी म्हणूं नये. त्याचें कारण अतिवृष्टि, धरणांतील विसर्ग व नदीच्या पूरक्षेत्रांतील बांधकामें यांत शोधावें लागतें. लवणीचें काम निराळें व लहान आहे. तासाभराच्या वळवाच्या सरीनें जो रस्ता बुडतो, त्याशीं तिचा संबंध आहे. आणि मार्च-एप्रिलमध्यें आसपासच्या विहिरींना जो थोडाफार पाझर असतो, त्याशींहि आहे.

आतां या जागांच्या रक्षणाचे नियम पाहूं गेल्यास ते वरून खालीं उतरत येतात, आणि उतरतांना त्यांची चाळण बारीक होण्याऐवजीं मोठी होत जाते. इराणांतील रामसर येथें २ फेब्रुवारी १९७१ रोजीं पाणथळींविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. त्या करारांतील व्याख्या फार उदार आहे: दलदल, तळें, नदी, भातखाचर, इतकेंच काय, ओहोटीच्या वेळीं सहा मीटरपर्यंत खोल असलेलें समुद्राचें पाणीहि तींत येतें. भारत सरकारनें पाणथळींचे नियम प्रथम २०१० सालीं केले, व ते रद्द करून २०१७ सालीं नवे केले. नव्या नियमांनीं अधिकार राज्यांकडे दिला, ही गोष्ट बरी झाली. पण व्याख्येंतून नदीचीं पात्रें, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठीं मुद्दाम बांधलेले जलाशय, तसेंच पाटबंधारे, मत्स्यशेती, मिठागरें व करमणूक यांसाठीं केलेलीं बांधकामें वगळलीं. नियमांचा आंतील भाग कडक आहे. अधिसूचित पाणथळींत भराव घालतां येत नाहीं, घनकचरा टाकतां येत नाहीं, सांडपाणी सोडतां येत नाहीं, आणि मागील दहा वर्षांतील सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरांच्या आंत, नावांचा धक्का सोडल्यास, पक्कें बांधकाम करतां येत नाहीं. परंतु हें सर्व ‘अधिसूचित’ या एका शब्दावर अवलंबून आहे. जिचें नांव यादींत नाहीं, तिला या नियमांचें कवच नाहीं.

मग यादी कशी झाली? अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानें उपग्रहाच्या चित्रांवरून देशांतील पाणथळींचा नकाशासंग्रह तयार केला. तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत २,०१,५०३ पाणथळी सीमेसह दाखविलेल्या आहेत, व त्या सर्व सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या आहेत. हा आंकडा निसर्गानें ठरविलेला नाहीं, नकाशाच्या प्रमाणानें ठरविलेला आहे. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर तीन मिलिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद चौकोन म्हणजे जमिनीवर सव्वादोन हेक्टर. त्याहून लहान आकृति रेखणें कठीण. लहान पाणथळी केवळ ठिपक्यांनीं दाखविल्या गेल्या, व त्या ठिपक्यांची संख्या ५,५५,५५७ भरली, म्हणजे मोठ्यांच्या अडीच पटींहून अधिक. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१७ मध्यें त्या दोन लक्षांहून अधिक पाणथळींना संरक्षण चालू राहील असें सांगितलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें राज्यांना त्यांची जागेवर जाऊन खातरजमा करण्यास व सीमा ठरविण्यास बजावलें. या आज्ञांचें मोल मोठें आहे. परंतु सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपांच एकर! वाढत्या गांवाच्या कडेला, जेथें शेत वाटण्या होतां होतां गुंठ्यांवर आलें आहे, तेथें साडेपांच एकरांची सलग दलदल कोणाच्या दृष्टीस पडणार? तेथें असतात त्या दहा गुंठ्यांच्या, अर्ध्या एकराच्या जागा. त्यांचें भवितव्य दिल्लींत ठरत नाहीं. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागांतील एका टेबलावर ठरतें.

त्या टेबलावर जी नियमावली असते ती डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक नागरी क्षेत्रांस लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तींत नदीपासून १५ मीटर व नाल्यापासून ९ मीटर जागा बांधकामावांचून सोडावी असा दंडक आहे. शिवाय नद्यांसाठीं पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आहेत: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई, दोन्हींच्या दरम्यान अटींवर परवानगी. कोयनेच्या कांठास या रेषांचा आधार मिळतो. गांवांतील ओढ्याला फक्त ते नऊ मीटर.

पण याच ओढ्याच्या नियमास एक जोडवाक्य आहे, आणि सारें मर्म त्यांत आहे. लहान ओढा जर स्पष्ट कांठ नसलेल्या सखल जमिनींतून जात असेल, तर अर्जदारास तो ठराविक मार्गानें व ठराविक रुंदीच्या चरांतून बांधून घेण्याची किंवा वळविण्याची परवानगी देतां येते; मात्र पाणी शिरण्याची व बाहेर पडण्याची जागा बदलतां कामा नये. स्पष्ट कांठ नसलेली सखल जमीन, जिच्यांतून पाणी जातें: पाणथळीची याहून नेमकी ओळख कोणी शास्त्रज्ञानेंहि करून दिली नसती. नियमानें तिला बिनचूक ओळखलें, आणि त्याच वाक्यांत तिचा निरोप घेतला. स्थापत्यकार सांगेल कीं, चराचा छेद हिशेबानें ठरविलेला आहे, तुंबण्याचें भय नाहीं. त्याचें म्हणणें त्याच्यापुरतें खरेंहि असेल. परंतु पाणी आंत येण्याची जागा तीच व बाहेर जाण्याची जागा तीच राहिली, तरी मधला वेळ नाहींसा झाला. जें सावकाश पसरत जात होतें तें सिमेंटच्या चरांतून एकदम खालच्या वस्तीवर जातें. आणि खालच्या वस्तीच्या अर्जाचा विचार त्या टेबलावर त्या दिवशीं चाललेला नसतो.

दुसरी अडचण ऋतूची आहे. आधीं भूखंडांचें रेखांकन, मग बांधकामाचा परवाना, असा कागदाचा क्रम आहे. जागेवरील क्रम पुष्कळदां उलटा असतो. आधीं मुरुमाचे डंपर येतात, मग अर्ज येतो. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याला वैशाखाच्या उन्हांत एक सपाट, कोरडें, पिंवळसर मैदान दिसतें, व तो तसेंच लिहितो. तो खोटें लिहीत नाहीं.

यास्तव ओळख आधीं झाली पाहिजे, आणि ती अर्जाच्या वेळीं नव्हे, तर अर्ज येण्यापूर्वींच गांवभर झाली पाहिजे. ओळखण्याची रीत गूढ नाहीं. अमेरिकेंत तेथील लष्कराच्या अभियंत्यांनीं १९८७ सालीं पाणथळ ठरविण्याची एक हातपुस्तिका केली. तींत तीन खुणा सांगितल्या आहेत: वनस्पति, माती व पाणी. (त्याच देशांत २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें केंद्रीय कायद्याचें संरक्षण वाहत्या पाण्याला सलग लागून असलेल्या पाणथळींपुरतें आंखडतें घेतलें, आणि पुष्कळ ठिकाणीं राहिलेल्यांचा भार राज्यांच्या व गांवांच्या स्वतःच्या नियमांवर पडला. वरची छत्री लहान झाली म्हणजे खालच्यानें आपली उघडावी, हा क्रम तेथेंहि दिसतो.) इकडे या तीन खुणा पुढीलप्रमाणें पाहाव्या लागतील. लव्हाळा, पाणकणीस, देवनळ अशा पाणी मागणाऱ्या वनस्पति आपण होऊन दाट वाढल्या आहेत काय. हातभर खणल्यावर माती करडी-निळसर असून तींत गंजासारख्या तांबूस शिरा आहेत काय. आणि श्रावण-भाद्रपदांत पाऊस थांबल्यावरहि पाणी किती दिवस उभें राहतें. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत मातीचा रंग फसवा असतो. तेथें पहिल्या व तिसऱ्या खुणेवर अधिक भर द्यावा. चौथी एक खूण या देशांत फुकट मिळते, ती शेतांच्या जुन्या नांवांची. ज्या शेताला लोक पिढ्यानुपिढ्या तळें किंवा लवण म्हणत आले, तेथें आज मुरूम दिसत असला तरी खालीं काय होतें हें नांवच सांगतें.

ओळखींत एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. कृष्णेच्या खोऱ्यांत उसाला बेसुमार पाणी दिल्यामुळें पुष्कळ चांगली जमीन चिबड व खारवट झाली आहे. ती निसर्गाची पाणथळ नव्हे, ती माणसानें केलेली दुखापत आहे. तिच्यावर उपाय निचऱ्याचा. तिला पाणथळ ठरवून शेतकऱ्याचे हात बांधणें अन्यायाचें होईल, आणि असल्या एका अन्यायानें खऱ्या यादीवरचाहि लोकांचा विश्वास उडेल.

उलट, माणसानें केलेलें पाणी सदैव टाकाऊच असें नाहीं. याच जिल्ह्यांत खटाव तालुक्यांत मायणीचा तलाव आहे. इंग्रजी अमदानींत पाटबंधाऱ्यासाठीं तो बांधला गेला; पुढें तेथें व येरळवाडी येथें रोहित पक्षी हिंवाळ्यांत उतरूं लागले. २०१७ च्या पाणथळ-नियमांच्या व्याख्येप्रमाणें पाटबंधाऱ्याचा तलाव पाणथळच नव्हे. तरीसुद्धां २०२१ सालीं मायणी व आसपासच्या जलाशयांचा समूह वन्यजीव कायद्याखालीं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. एका कायद्याच्या चाळणींतून जें गळलें तें दुसऱ्यानें धरलें. अर्थात् त्यासाठीं रोहितासारखा देखणा पाहुणा यावा लागला. मलकापुरांतल्या लवणींत येणारा ढोकरी बगळा किंवा पाणकोंबडी यांची शिफारस कोणी मानणार नाहीं.

सर्वांत अवघड प्रश्न जमिनीच्या धन्याचा आहे, आणि तो टाळून या विषयावर बोलणें अप्रामाणिकपणाचें आहे. महामार्गालगत ज्याची दीड एकर जमीन उरली आहे, त्याची मुलीच्या लग्नाची, मुलाच्या शिक्षणाची व म्हातारपणाची सारी पुंजी तीच. त्यांतील वीस गुंठे पाणथळ म्हणून लिहिले गेले, तर भाव कोसळतो. शेजाऱ्याच्या तळमजल्यांत पाणी शिरूं नये म्हणून त्याच्या एकट्याच्या खिशास चाट कां? या प्रश्नाला कायद्यांत पुरतें उत्तर नाहीं, पण अर्धें आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचें रेखांकन करतांना दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. पुष्कळ रेखांकनांत ती जागा कोपऱ्यांत, जेथें दुसरें कांहीं बसत नाहीं तेथें, ढकललेली असते. पुढें तेथें दोन झोपाळे व एक कोरडें कारंजें होतें. तीच मोकळी जागा ओढ्याच्या सोडलेल्या नऊ मीटरांस लागून घेतली, तर धन्याचें अधिक कांहीं न जातां पाण्याला पसरण्यास रुंद पट्टा मिळतो. यासाठीं नवा कायदा नको. रेखांकन मंजूर करणारानें ओढा कोठून जातो हें आधीं विचारलें म्हणजे झालें. वीसच्या वीस गुंठे यानें वांचणार नाहींत हें उघड आहे. उरलेल्यांचा मोबदला गांवानें द्यावा लागेल, आणि तो देण्याची तयारी नसेल तर तेवढा भाग रक्षणाच्या यादींत घालून धन्यास लटकत ठेवूं नये.

मलकापुराविषयीं विशेष आशा बाळगण्यास एक कारण आहे. कोयनेचें पाणी उचलून चोवीस तास नळानें देण्याची व प्रत्येक जोडणीवर मापक बसवून वापराप्रमाणें पट्टी घेण्याची योजना या गांवानें फार लौकर अंमलांत आणली, आणि तिची कीर्ति राज्याबाहेर गेली. आरंभीं मापकाला कोणाचा विरोध झाला नसेल असें नव्हे. पण घरांत येणारें पाणी लिटरच्या हिशेबानें मोजणें शक्य आहे, हें तेथील घरांघरांनीं अनुभवलें. अशा गांवाला दारांत उभें राहणारें पाणी मोजणें जड जाऊं नये. त्यासाठीं साधनहि तयार आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेंत जैवविविधता व्यवस्थापन समिति असावी लागते, व तिनें लोकांच्या मदतीनें नोंदवही ठेवावयाची असते. त्या नोंदवहींत प्रत्येक ओढा, लवण व तळें यांना एक एक पान द्यावें: गट क्रमांक, वैशाखांतील स्थिति, भाद्रपदांतील स्थिति, पाणी कोठून येतें व कोठें जातें. ही नोंद म्हणजे अधिसूचना नव्हे, तिनें कोणावर बंदी येत नाहीं. पण रेखांकनाचा अर्ज आला म्हणजे तें पान उघडून पाहणें भाग पडेल, व वैशाखांतला कोरडा मुरूम एकटाच साक्षीदार राहणार नाहीं.

विकास-योजनेचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला कीं हरकती व सूचना देण्यास तीस दिवसांची मुदत असते. बहुतेक हरकती रस्त्याच्या रुंदीच्या व आरक्षणाच्या येतात. ज्याची भिंत जाते तो धांवत येतो. ओढ्याच्या वतीनें येणारी हरकत क्वचित्. ती साध्या कागदावर चालते, वकील लागत नाहीं. गट क्रमांक, पाणी उभें राहतें त्या जागेचें पावसाळ्यांतील छायाचित्र, आणि शेजारच्या दोन खातेदारांच्या सह्या तीस जोडल्या म्हणजे तिची दखल घेऊन सुनावणी देणें योजना करणाऱ्या अधिकाऱ्यास भाग पडतें.